पुस्तकांचं ड्रेसिंग

मोची विचारत होता, “किती उडवू?”

मी पट्टी धरून उभा होतो. म्हटलं, “सगळ्यात बुटकं पुस्तक हाय न्हवं, त्याच्याएवढी सगळी कर.”

“नाईक, पुस्तक हाय हे. वहाण न्हवं.”

“सरकारी माल हाय. तू काप.”

शंकर मोची आमच्या पलटणीचा. सारा जन्म चामडं कापण्यात गेलेला माणूस. शेजारी सुभेदारसाहेबांचे बूट दुरुस्तीला पडले होते, ते त्यानं बाजूला सारले. रापी दगडावर दोनदा ओढली, पुस्तकावर फळी ठेवली, फळीवर गुडघा दाबला आणि कॉलेजच्या अर्थशास्त्राचा खालचा दोन बोटं भाग काकडीसारखा उतरवला. मग तर्कशास्त्र. मग इतिहास. चौथं पुस्तक इंग्रजी कवितांचं. ते मुळातच बुटकं, त्याला हात लावायची गरज पडली नाही. चारी पुस्तकं मी ओळीनं उभी केली, एक डोळा मिटून बघितलं. केसभर फरक नाही. मला इतका आनंद झाला की मी शंकरला एक बिडी दिली.

ती पुस्तकं माझ्या बायकोची होती. तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

तुम्ही मला येडा म्हणाल. म्हणा. पण आधी सगळं ऐका.

मी पलटणीत स्टोअर-नाईक होतो. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती. स्टोअर म्हणजे पलटणीचं कोठार. बूट, कांबळी, मग, खाटा, कंदील, सगळं माझ्या ताब्यात. शिपायाला वस्तू दिली की त्याला इश्यू म्हणतात. इश्यू केलेली वस्तू शिपायाची होत नाही. ती सरकारची, शिपाई नुसता सांभाळतो. वस्तू झिजून कामातून गेली की स्टोअरवाला ती कंडेम करतो, म्हणजे निकामी ठरवतो. ह्या कंडेमपुढं कुणाचं चालत नाही. बूट शिपायाचा असो नाहीतर सुभेदाराचा, खडू माझ्या हातात. मी फुली मारली की बूट मेला.

शिक्षण माझं चौथी. पण तेव्हाची चौथी. इंग्रजी मला खोक्यांवर लिहिलेलं असतं तेवढं ओळखता यायचं. आकडा मात्र कधी चुकला नाही. क्वार्टरमास्तरसाहेब बी.ए. होते, ते कांबळी मोजायला माझ्याकडं यायचे.

माझी बायको इंदू ही कागलच्या एका शाळामास्तरांची मुलगी. लग्नात सातवी पास होती, म्हणजे तेव्हाच मला तीन यत्तांनी सीनियर. मी ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलतो तेव्हा ती माहेरी राहिली आणि तिथं अभ्यास करून मॅट्रिक झाली. मला पत्रातनं कळवलंसुद्धा नाही. आल्यावर विचारलं तर म्हणाली, “तुम्ही लढाईत. उगीच धक्का बसायला नको म्हणून.”

पुढं संस्थान विलीन झालं. आमची संस्थानी पलटण भारत सरकारची झाली. टोपीचा बिल्ला बदलला, डोकी तीच राहिली. त्याच सुमाराला इंदू म्हणाली, “मी कॉलेजात नाव घालणार. चार वर्षं काढली तर हायस्कुलात नोकरी मिळंल.” मी म्हटलं, घाल. मला वाटलं नाव घातलं की झालं. पुस्तकंसुद्धा लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासरे यादी घेऊनच आले. आम्ही शाहूपुरीत एक खोली घेतली होती, तिथं खाटेवर बसून म्हणाले, “जावईबापू, पुस्तकांचं मी बघतो.”

“माझ्या बायकोची पुस्तकं मी बघीन.”

“बघाल हो तुम्ही. वाचून तिलाच दाखवावी लागतील.”

मास्तर माणूस. छडी हातात नसली तरी वळ उठवायचा. मी ती यादी त्यांच्या हातातनं काढून घेतली आणि त्याच पावली महाद्वार रोडला गेलो.

पुस्तकवाल्यानं यादी वाचली, बेरीज केली आणि माझ्या वर्दीकडं बघितलं. बेरीज माझ्या पगाराच्या पुढं चालली होती. तो पुढं वाकून हळूच म्हणाला, “पावणं, पलटणीत रम मिळतीया म्हणं अजून?” दारूबंदी नुकतीच आली होती. आम्हाला मात्र सरकार मापानं रम द्यायचं. “महिन्याला एक बाटली इकडं आली तर दोन पुस्तकं तिकडं जातील,” म्हणाला. त्याच्या डोक्यावर भिंतीला ज्ञानाचं काहीतरी सुभाषित टांगलेलं होतं.

मी म्हटलं, “मी रम पितो. विकत न्हाय.”

मग गेलो सुभेदारसाहेबांकडं. नव्या सरकारनं पलटणीला शिक्षणासाठी म्हणून थोडा फंड दिला होता. शिपाई किंवा त्याच्या घरचं माणूस शिकत असंल तर पलटणीनं पुस्तकं घेऊन द्यायची. तोवर तो फंड कुणी मागितला नव्हता, म्हणून ऑफिसनं त्यातनं कॅरम बोर्ड घेतले होते. तेही अर्ध्या सोंगट्या हरवून बसले होते.

सुभेदारसाहेब आमच्याच भागातले, मिशी मोठी, पाय लहान. पण सुभेदारानं लहान बूट घालावा हे त्यांना पटायचं नाही, म्हणून ते दोन नंबर मोठा बूट वापरायचे. अर्ज वाचून म्हणाले, “घरवालीची पुस्तकं? मग उद्या घरवालीला बूटबी इश्यू करू काय रं?”

“चालतील साहेब. पाच नंबर.”

“तोंड लई चालतंय तुझं.”

पण अर्ज त्यांनी वर पाठवला. कर्नलसाहेबांनी सही केली. अटी दोन. एक, पुस्तकं पलटणीची. वर्षअखेर स्टोअरला परत करायची. खराब झाली तर माझ्या पगारातनं किंमत कापायची. दोन, इंदू नापास झाली तर पुढच्या वर्षापासून पुस्तकं बंद. म्हणजे सासरे पुन्हा यादी घेऊन खाटेवर बसणार. मला पहिल्या अटीपेक्षा ही दुसरी अट जास्त टोचली.

पुस्तकं आली. सुभेदारसाहेबांनी चारीवर शिक्का मारला आणि म्हणाले, “इश्यू झालेला माल किटमधी दिसला पाहिजे.”

किट म्हणजे शिपायाचा सगळा सरकारी संसार. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो खाटेवर मांडायचा आणि अधिकारी तपासायचा. बूट इथं, मग तिथं, कांबळ्याची घडी अशी, वस्तऱ्याचं पातं तसं. सगळं एका रेषेत. त्या रेषेला ड्रेसिंग म्हणतात. सगळ्या जगाची फौज उभी आहे ती ड्रेसिंगवर, अशी आमची पक्की समजूत होती. तर महिन्यातनं एकदा मी शुक्रवारी सायकल मारत शाहूपुरीला जायचो, पुस्तकं पिशवीत घालून टेंबलाईच्या टेकडीकडं लाईनीत, म्हणजे आमच्या बराकीत आणायचो, शनिवारी खाटेवर बुटांच्या पलीकडं उभी करायचो आणि संध्याकाळी परत नेऊन द्यायचो. इंदू कॉलेजात मैत्रिणींना सांगायची, “आज माझी पुस्तकं परेडला गेलीत.”

तेवढ्यावर भागत होतं. पण परीक्षेच्या आधीच्या महिन्यात जर्नेलसाहेबांचं वार्षिक इन्स्पेक्शन लागलं. सुभेदारसाहेब दोन दिवस आधी येऊन खाटा बघत फिरले. माझ्या खाटेपाशी थांबले. “ह्ये काय? एक पुस्तक वर डोकावतंय, एक खाली बसलंय. दात पडल्यागत दिसतंय.”

मी बुटक्या पुस्तकाखाली घडी घालून कापड ठेवलं.

“लबाडी नको. जर्नेलसाहेब उचलून बघतोय. ड्रेसिंग पाहिजे. कसंबी कर.”

आता ऐका माझं डोकं कसं चाललं ते. बूट पायाला लांब झाला तर आपण काय करतो? मोच्याकडं देतो. मी पुस्तक उघडलं. पहिलं पान. वर मोठ्या अक्षरात नाव, मध्ये एक चित्र आणि खाली निम्मं पान कोरं. दुसरं पुस्तक उघडलं, तेही तसंच. तिसरंही. मी म्हटलं, छापणाऱ्यानं एवढा कागद फुकट सोडलाय, त्यातला दोन बोटं गेला तर कुणाचं काय जातंय? आणि गेलो शंकरकडं.

शनिवारी जर्नेलसाहेब आले. मागं कर्नलसाहेब, त्यांच्या मागं सुभेदारसाहेब, टाचा आपटत. माझ्या खाटेपाशी जर्नेलसाहेबांनी हातातल्या छडीनं पुस्तकं दाखवली.

“ये क्या है?”

“किताब, साब. घरवाली कॉलेज में है.”

त्यांचा चेहरा उजळला. कर्नलसाहेबांकडं वळून इंग्रजीत काहीतरी चांगलं बोलले. मग अर्थशास्त्र उचललं आणि मधलं पान उघडून वाचायला लागले. पान उलटलं. थांबले. परत मागं आले.

“नाईक, ये जुमला कहाँ गया?”

“कौनसा जुमला, साब?”

“जो यहाँ होना चाहिए.”

त्यांनी वाक्य तुटलं होतं तिथं बोट ठेवून पुस्तक माझ्यापुढं धरलं. तेव्हा मी पहिल्यांदा मधलं पान बघितलं. खालपर्यंत गच्च छापलेलं. शेवटच्या ओळीतल्या अक्षरांचे पाय गेले होते, नुसती धडं उभी होती. त्याच्या खालची ओळ तर नव्हतीच.

“काट दिया, साब.”

“क्यों?”

“ड्रेसिंग के वास्ते, साब.”

जर्नेलसाहेबांनी पुस्तक जाग्यावर ठेवलं, खाली वाकले, एक डोळा मिटून चारी पुस्तकांच्या डोक्यावरनं नजर फिरवली. सरळ झाले. म्हणाले, “ड्रेसिंग तो बहुत अच्छी है.” आणि पुढं गेले.

दुपारपर्यंत दोन हुकूम निघाले. एक, किटचं ड्रेसिंग उत्तम म्हणून पलटणीला शाबासकी. दोन, सरकारी पुस्तकांची नासधूस केल्याबद्दल स्टोअर-नाईकाच्या पगारातनं पूर्ण किंमत वसूल. दोन्ही कागदांवर सही एकच होती, कर्नलसाहेबांची. शाबासकी सुभेदारसाहेबांच्या नावावर गेली.

संध्याकाळी पुस्तकं घेऊन घरी गेलो. इंदूनं अर्थशास्त्र उघडलं.

“अहो.”

“काय?”

“ह्याच्या खालच्या ओळी कुठं हायत?”

“पलटणीत.”

“पलटणीत म्हंजे?”

“मोच्याकडं.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि इंग्रजीचं मराठी करून मोठ्यानं वाचलं, “‘मालाची मागणी वाढली की त्याची किंमत...’” पान उलटलं. “‘...म्हणून त्याला अपवाद म्हणतात.’ मधलं काय, ते परीक्षेत मोच्यानं येऊन सांगायचं काय?”

“काठ कोरा होता गं.”

“कुठल्या पानावर?”

“पहिल्या.”

“पहिल्या पानावर नावच असतंय! सगळी पानं तशी असती तर पुस्तक कशाला घेतलं असतं? वही घेतली नसती व्हय?”

मी म्हटलं, कॉलेजातनं कुणाचं तरी मागून आण. ती म्हणाली, परीक्षा तोंडावर आली असताना पुस्तक द्यायला तिथं कुणी धर्मराज बसलेला नाही. मग टाक-दौत पुढं ओढून म्हणाली, “कागलला चिठ्ठी लिहिते. बाबा नवीन घेऊन देतील.”

“मास्तरांना कळवायचं न्हाय.”

“मग ओळी आणा.”

“कुठनं?”

“जिथं सोडून आलायसा तिथनं.”

रविवारी सकाळी मी शंकरपुढं जाऊन बसलो. तो म्हणाला, “कागद टाकतोय व्हय मी? चांगला जाड कागद हाय.” त्यानं खोक्यातनं पट्ट्या काढल्या. तर्कशास्त्र आणि इतिहास सुतळीनं बांधून जसेच्या तसे ठेवले होते. अर्थशास्त्राच्या पट्ट्यांवर खाली पानाचे आकडे होते. मी मोजायला बसलो. ऐंशीपर्यंत सगळ्या. पुढं एकदम एकशे एकसष्ट.

“मधल्या चाळीस पट्ट्या कुठं हायत?”

शंकरनं मान खाजवली. “सुभेदारसाहेब म्हणालं, बुटात पाय सरकतोय, इन्स्पेक्शनला टाच वाजली पाहिजे, आत कायतरी भर. मी भरलं.”

“अर्थशास्त्र?”

“मला काय ठावं, कंचं शास्त्र हाय ते? पायाखाली मऊ लागलं, त्यांनी चांगलं म्हटलं.”

आता सुभेदाराला ‘बूट काढा, बायकोचं पुस्तक आत आहे’ असं सांगून बघा. माझ्या दोन फिती गेल्या असत्या आणि पुस्तक मिळालं नसतंच. पण मी स्टोअर-नाईक होतो. सोमवारी सकाळी खडू खिशात घातला आणि कंपनी परेडला फॉलिन होत होती तिथं गेलो. सॅल्यूट केला.

“साहेब, बूट बघू.”

“कशाला?”

“टाच बसलीया. कंडेम दिसतोय.”

“परवा जर्नेलसाहेबानं बघितलाय ह्यो बूट!”

“जर्नेलसाहेब वरनं बघतोय, साहेब. मला आतनं बघावा लागतोय.”

आणि त्यांच्या पायात असतानाच दोन्ही बुटांवर फुल्या मारल्या. आता फुली मारलेला बूट घालून परेड घ्यायची म्हणजे सरकारी नियम मोडायचा, आणि नियम मोडणाऱ्याला हेच सुभेदारसाहेब मैदानाला पळवायचे. मिशी दोनदा थरथरली. स्टोअरच्या दारात बसून त्यांनी बूट काढले. मी आतला तळवा उचकटला. डाव्या बुटात एक्क्याऐंशी ते एकशे वीस. उजव्यात एकशे एकवीस ते एकशे साठ. घामानं ओली झालेली, पण अक्षर शाबूत. सरकारी शाई तेवढी टिकली नसती.

“ह्ये काय हाय रं?”

“अर्थशास्त्र, साहेब. तीन दिवस तुम्ही त्याच्यावरच हुबं होता.”

ते काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना नवे बूट इश्यू केले. नियमाप्रमाणं पायाचं माप घेऊन. सहा नंबर. त्या दिवसापासनं पलटणीला सुभेदारसाहेबांचा खरा पाय कळला.

घामेजलेल्या पट्ट्या शाहूपुरीत गच्चीवर फडक्यावर पसरल्या, वर खडे ठेवले. घरमालकीणबाई वर आल्या. “काय वाळत घातलंय? सांडगे?”

“अर्थशास्त्र,” इंदू म्हणाली.

मग सोळा-सतरा दिवस आमचा एकच उद्योग. दुपारी स्टोअर बंद झालं की मी सायकलवर टांग टाकायचो. कणकेची खळ, पतंगाचा पातळ कागद आणि मी. पानांचे आकडे पट्ट्यांवर गेले होते, पण पानं शिवणीत ओळीनं होती. मी पहिल्यापासनं मोजत जाऊन पट्टी काढून द्यायचो. इंदू अर्ध्या अक्षराला अर्धं अक्षर जुळवायची आणि वाक्य मोठ्यानं वाचून खात्री करायची. मी विचारायचो, म्हंजे काय? मला कळल्याशिवाय मी पुढची पट्टी देत नव्हतो. हट्टी माणूस. ती चिडायची, पण सांगायची. एकदा तर्कशास्त्रातलं सांगत होती, “सगळे अमुक तमुक असले, म्हणून सगळे तमुक अमुक असतात असं न्हाय.”

मी म्हटलं, “म्हंजे सगळ्या सुभेदारांना मिशा असतात, पण सगळे मिशीवाले सुभेदार नसतात.”

ती खळीचा हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. “बरोबर. ह्याला पुस्तकानं चार पानं घातलीत.”

“त्यातलं निम्मं मी कापलं, तेच बरं केलं.”

ती पास झाली. सेकंड क्लास. तर्कशास्त्रात सगळ्यात जास्त मार्क. दुसऱ्या वर्षीची पुस्तकं पलटणीनं बिनबोभाट दिली, पण सुभेदारसाहेबांनी कागदावर एक ओळ वाढवली होती, ‘मोच्याकडं नेऊ नयेत.’

वर्षअखेर ती जुनी पुस्तकं स्टोअरला परत आली. घेणारा मी, देणारा मीच. खालच्या बाजूला खळ आणि कागद साठून ती गरोदर बाईसारखी फुगली होती. उभी केली की पडायची. बायकोचा माल म्हणून मी सूट दिली नाही. खडू काढला, तिन्हींवर फुली मारली. कंडेम. किंमत माझ्या पगारातनं आधीच कापलेली, त्यामुळं कंडेम माल नियमानं माझा झाला. ऑफिसनं त्या कापलेल्या पैशांत एक नवीन कॅरम बोर्ड घेतला.

सासरे निकाल ऐकून पेढे घेऊन आले. विचारलं, “पुस्तकं शेवटी पलटणीनंच दिली म्हणायची?”

मी पगाराचं पेबुक काढून त्यांच्यापुढं टाकलं. “वाचा. एक एक पैसा माझा हाय. कापलेल्या पुस्तकांचं न कापलेलं पैसं भरलेत मी.”

त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मग पेढ्यांचा पुडा इंदूच्या पुढनं उचलून माझ्यापुढं ठेवला.

इंदू पुढं हायस्कुलात लागली आणि हेडबाई होऊन रिटायर झाली. मला एवढंच कळलं की कशाचंच पहिलं पान बघून माप घेऊ नये, तिथं सगळेच जागा सोडतात. कळलं खरं, पण हाताची सवय जात नाही. घरात तिच्या पुस्तकांची दोन कपाटं आहेत, एक पुस्तक दुसऱ्याच्या उंचीचं नाही. मी धूळ पुसायला फडकं घेतलं की ती नुसती उठून कात्री कुलपात ठेवते.